बँकेची नोटीस आणि शेतकऱ्याची मुदत

कर्जवसुलीची नोटीस घरीं आली म्हणजे आपल्याकडील शेतकरी बहुधा दोहोंपैकीं एक गोष्ट करितो. एक तर ती न फोडतां देव्हाऱ्यामागें ठेवून देतो, नाहीं तर ती घेऊन थेट बँकेच्या शाखाधिकाऱ्याकडे जातो, तोंडी चार शब्द बोलतो, 'साखर कारखान्याचें बिल येऊं द्या' असें सांगून परत येतो, आणि त्या बोलण्यानें आपलें कांहीं दिवस निभावलें असें समजतो. दोन्ही मार्गांनीं घडतें तें एकच. कायद्यानें कर्जदारास दिलेली मुदत निघून जाते, आणि ती गेली हें त्यास लिलावाची जाहिरात वर्तमानपत्रांत वाचल्यावर कळतें. कर्जदारास कायद्यांत कांहीं उपायच ठेवलेला नाहीं, अशी जी सार्वत्रिक समजूत आहे ती बरोबर नाहीं. उपाय आहेत, परंतु त्यांतील प्रत्येकास दिवसांची मोजणी लागलेली आहे, आणि प्रत्येक उपाय लेखी आहे. ही मोजणी कशी चालते तें आमच्या वाचकांपुढें मांडावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

आपल्या वाडवडिलांच्या काळीं कर्ज सावकाराचें असे. १८७५ सालीं सुपें येथें व आसपासच्या गांवांत दंगे झाले, सावकारांचीं दप्तरें जाळलीं गेलीं, आणि त्यानंतर १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांचा कायदा झाला. पुणें, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांस प्रथम लागू झालेल्या त्या कायद्यानें न्यायाधीशास असें सांगितलें कीं, रोख्यावरील आंकडा हाच खरा न मानतां मागील देण्याघेण्याचा इतिहास तपासावा. त्या सर्व व्यवस्थेंत एक गोष्ट गृहीत होती. सावकारास जमीन हवी असेल तर त्यानें प्रथम कोर्टाची पायरी चढली पाहिजे. वादी तो, प्रतिवादी शेतकरी. २००२ सालीं संसदेनें जो कायदा केला, व ज्यास सर्वत्र 'सरफेसी' या नांवानें ओळखतात, त्यानें हा क्रमच उलटा केला. तारण ठेवलेली मिळकत बँक आतां दावा न लावतां ताब्यांत घेऊं शकते व विकूं शकते. त्यांत कांहीं अन्याय होत असेल तर न्यायाधिकरणाची पायरी कर्जदारानें चढावयाची. 'दावा येऊं दे, मग पाहूं' असें म्हणून घरीं बसण्याची जी पिढ्यान्‌पिढ्यांची सवय, ती येथें घातक ठरते. कारण दावा येतच नाहीं.

म्हणून लिफाफा हातांत पडतांच प्रथम तिच्या माथ्यावर कोणत्या कायद्याचें व कोणत्या कलमाचें नांव आहे तें पाहावें. लिफाफा परत पाठविण्यांत कांहीं शहाणपण नाहीं. नोटीस टाळली तर ती घराच्या दारावर चिकटवितात व वर्तमानपत्रांत छापतात, आणि कायदा ती पोंचली असेंच धरतो. शिवाय भावकींत व्हावयाची ती शोभा होतेच.

'सरफेसी'ची पहिली नोटीस कलम १३ च्या पोटकलम २ खालीं येते व ती ६० दिवसांची असते. या ६० दिवसांत संपूर्ण येणें भरावें, नाहीं तर पुढील कारवाई करूं, असा तिचा मजकूर. पुष्कळांस वाटतें कीं, पैसे भरणें किंवा गप्प बसणें एवढेच दोन मार्ग आहेत. परंतु याच कलमांत पोटकलम ३-अ म्हणून आहे. त्याप्रमाणें कर्जदारास आपली हरकत लेखी कळवितां येते, आणि ती पोंचल्यापासून १५ दिवसांत बँकेनें तिचा विचार करून, हरकत अमान्य असल्यास कारणांसह लेखी उत्तर दिलेंच पाहिजे. हें उत्तर देणें बँकेवर बंधनकारक आहे, असें सर्वोच्च न्यायालयानें सांगितलेलें आहे. आमच्या मतें या सर्व प्रकरणांत कर्जदाराच्या हातीं असलेलें सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित हत्यार तें हेंच. त्यास वकीलपत्र लागत नाहीं, शुल्क लागत नाहीं. लागतो तो एक कागद व पोंचपावतीचें टपाल.

त्या कागदांत काय लिहावें? 'पाऊस झाला नाहीं, दया करावी' एवढेंच लिहून भागत नाहीं. दया मागूं नये असें नव्हे, पण हरकत ही मुद्द्याची असावी. खात्याचा पहिल्या दिवसापासूनचा उतारा मागवून घ्यावा व तो घरांतील शिकलेल्या मुलासमवेत ओळीनें वाचावा. पीकविम्याची रक्कम खात्यावर केव्हां जमा झाली, अनुदान कोठें गेलें, दंडव्याज कशावर लावलें, हें त्यांत दिसतें. शेतीच्या कर्जावर तिमाही चक्रवाढ लावणें योग्य नाहीं, तें व्याज हंगामाच्या हिशेबानें वर्षास एकदांच मुद्दलांत मिळवावें, हें सर्वोच्च न्यायालयानें १९९४ सालींच ठरविलें आहे. पांच एकरांपर्यंतच्या धारकास दिलेल्या अल्पमुदतीच्या कर्जावर एकूण व्याज मुद्दलाहून अधिक होऊं नये, असा दंडक रिझर्व्ह बँकेच्या २०१६ च्या निर्देशांत होता. जुन्या दामदुपटीचाच हा नवा अवतार. सहकारी कायद्याच्या कलम ४४-अ मध्येंही याच धर्तीची मर्यादा आहे. ती कोणत्या संस्थांस व कोणत्या कर्जांस लागते हें त्या कलमांतच सांगितलें आहे, तें वाचवून घ्यावें.

खातें थकीत केव्हां धरावें याचाही नियम आहे. इतर कर्जांस ९० दिवसांचा हिशेब असला तरी पीककर्जास तो लागत नाहीं. कमी मुदतीच्या पिकांच्या बाबतींत हप्ता दोन हंगाम थकला पाहिजे. वर्षाहून अधिक काळ शेतांत राहणाऱ्या पिकांच्या बाबतींत एक हंगाम. हंगाम म्हणजे पीक निघेपर्यंतचा काळ. ज्वारीच्या कर्जावर ९० दिवसांचा फास कोणी टाकला असेल तर तो मुद्दा हरकतींत पहिला असावा. तसेंच दुष्काळ अगर अतिवृष्टि सरकारनें जाहीर केली असून पिकाचें नुकसान ३३ टक्के किंवा अधिक ठरलें असल्यास कर्जाची पुनर्रचना करून परतफेडीस एक वर्षाची सवड व वाढीव मुदत देण्याविषयीं रिझर्व्ह बँकेचे २०१८ चे निर्देश होते. त्या वर्षीं आपण अर्ज केला होता काय, व त्याचें काय झालें, हें तारखेसह लिहावें.

आतां शेतजमिनीचा मुद्दा. तो सर्वांत महत्त्वाचा असून त्याविषयींच सर्वांत अधिक घोटाळा आहे. 'सरफेसी'च्या कलम ३१ मध्यें स्पष्ट म्हटलें आहे कीं, शेतजमिनीवर निर्माण केलेल्या तारणास हा कायदा लागूच नाहीं. म्हणजे पिकाखालील जमीन या कायद्यानें बँकेस परस्पर ताब्यांत घेतां येत नाहीं. हें ऐकून कित्येकजण निर्धास्त होतात, आणि सात-बारावर 'जिरायत' असा शब्द आहे एवढ्यावर विसंबतात. येथें सावध असावें. २०१८ सालीं गोव्यांतील एका मोठ्या हॉटेलाच्या तारणाचा वाद सर्वोच्च न्यायालयापुढें आला. कांहीं जमीन महसुली दप्तरांत शेतीची होती, पण ती हॉटेलाच्या धंद्यासाठीं तारण दिलेली होती व तेथें शेती होत नव्हती. न्यायालयानें ती शेतजमीन मानली नाहीं. पुढें २०२३ सालीं तेलंगणांतून आलेल्या प्रकरणांत न्यायालयानें आणखी स्पष्ट केलें कीं, केवळ दप्तरांतील नोंद पुरेशी नाहीं. जमीन प्रत्यक्ष कसली जात होती हें कर्जदारानें सिद्ध केलें पाहिजे.

एक कल्पित उदाहरण घेऊं. निफाडकडील एका बागाईतदारानें शीतगृहासाठीं ४० लाखांचें कर्ज काढलें आणि तीन मिळकती तारण दिल्या. एका गटांत द्राक्षबाग उभी आहे, दुसऱ्या गटावर बिनशेती करून शीतगृह बांधलें आहे, तिसरा तालुक्याच्या गांवांतील घराचा प्लॉट. बँकेची नोटीस तिन्ही मिळकतींची एकत्रच येणार. त्यांतील बागेचा गट कलम ३१ खालीं सुटण्यासारखा आहे, उरलेले दोन नाहींत. पण ही निवड बँक आपण होऊन करणार नाहीं. हरकत घेतली तरच होईल, आणि पुराव्यानिशीं घेतली तरच टिकेल. पुरावा म्हणजे गांव नमुना बारावरील पीकपाहणी, व २०२१ पासून आपण मोबाईलवर करितों ती ई-पीक पाहणी, पीकविम्याच्या पावत्या, बाजार समितींतील पट्ट्या, उसाच्या बाबतींत कारखान्याकडील नोंद, विहिरीच्या पंपाचीं वीजबिलें. तारण दिलें त्या वर्षाचे कागद यांत सर्वांत मोलाचे. पीकपाहणीचा कंटाळा करणाऱ्या आमच्या वाचकांनीं येथें क्षणभर थांबावें. तो मोबाईलवरील दहा मिनिटांचा उद्योग कधीं काळीं जमिनीच्या रक्षणास उपयोगी पडेल.

तथापि कलम ३१ हें कर्जमाफीचें कलम नव्हे. बाग 'सरफेसी'तून सुटली तरी कर्ज सुटत नाहीं. २० लाख व त्याहून अधिक येणें असेल तर बँक १९९३ च्या कायद्याखालीं कर्जवसुली न्यायाधिकरणांत अर्ज करूं शकते. त्याखालीं असेल तर दिवाणी कोर्टांत गहाणाचा दावा लावूं शकते. आणि त्या मार्गांनीं शेतजमीनही विकली जाऊं शकते. फरक इतकाच, पण तो लहान नाहीं, कीं तेथें बँकेस आपलें येणें आधीं सिद्ध करावें लागतें आणि शेतकऱ्यास आपला हिशेब मांडावयास मिळतो. न्यायाधिकरणाचें समन्स पोंचल्यापासून ३० दिवसांत लेखी जबाब द्यावयाचा असतो. दिवाणी हुकूमनाम्याच्या बजावणींत शेतीचीं अवजारें, लागवडीस जरूर तीं जनावरें, बियाणें आणि शेतकऱ्याचें राहतें घर यांवर जप्ती येत नाहीं. मात्र तेंच घर गहाण लिहून दिलें असेल तर हें संरक्षण उपयोगी पडत नाहीं.

६० दिवस गेले व हरकत फेटाळली गेली कीं बँक ताब्याची नोटीस लावते. ती दारावर डकविली जाते, वर्तमानपत्रांत येते, पण कुलूप मात्र आपलेंच असतें. यास सांकेतिक ताबा म्हणतात. येथें फार मोठी चूक होते. 'अजून कोणी घरांतून काढलेलें नाहीं' अशा समजुतींत माणूस राहतो, आणि तिकडे कलम १७ खालीं न्यायाधिकरणांत अर्ज करण्याची ४५ दिवसांची मुदत धांवत असते. सांकेतिक ताब्यापासूनच हा अर्ज करतां येतो, असें सर्वोच्च न्यायालयानें २०१८ सालीं ठरविलें आहे. तेव्हां दिवस त्या तारखेपासूनच मोजावे. आपल्याकडे हीं न्यायाधिकरणें मुंबई, पुणें, नागपूर व छत्रपति संभाजीनगर येथें आहेत. तालुक्याच्या दिवाणी कोर्टांत मनाईहुकूम मागण्यांत वेळ घालवूं नये, कारण कलम ३४ नें तो मार्ग बंद केला आहे. आणि थेट उच्च न्यायालयांत जाणाऱ्यांस तेथून बहुधा न्यायाधिकरणाकडेच परत पाठवितात.

या पहिल्या अर्जाचें महत्त्व आणखी एका कारणानें आहे. मूळ कायद्यांत अर्जापूर्वीं येण्याच्या ७५ टक्के रक्कम भरावी अशी अट होती. ती सर्वोच्च न्यायालयानें २००४ सालीं रद्द केली. त्यामुळें कलम १७ चा अर्ज अनामत न भरतां करतां येतो. परंतु तो हरल्यावर वरच्या न्यायाधिकरणांत अपील करावयाचें तर ३० दिवसांची मुदत आणि येण्याच्या निम्मी रक्कम आधीं भरणें आलें. फार तर ती २५ टक्क्यांपर्यंत कमी होते. म्हणून जें सांगावयाचें व दाखवावयाचें तें पहिल्याच अर्जांत आणावें.

लिलावापूर्वीं ३० दिवसांची विक्रीची नोटीस दिली पाहिजे. पूर्वीं प्रत्यक्ष विक्री पुरी होईपर्यंत सर्व पैसे भरून मिळकत सोडवितां येत असे. २०१६ च्या दुरुस्तीनें हा हक्क आखूड झाला, आणि २०२३ च्या निकालानंतर यांत शंका राहिली नाहीं कीं, लिलावाची नोटीस प्रसिद्ध होण्यापूर्वीं पैसे भरले तरच मिळकत हक्कानें सुटते. 'लिलावाच्या दिवशीं सकाळीं भरूं' हा जुना हिशेब आतां चालत नाहीं. याच ठिकाणीं आणखी एक सूचना. नोटीस आल्यावर घाईनें पत्नीच्या अगर मुलाच्या नांवें वाटणीपत्र वा बक्षीसपत्र करण्याची युक्ति गांवोगांव सांगणारे लोक असतात. नोटिशीनंतर बँकेच्या लेखी संमतीवांचून तारण मिळकतीचें असें हस्तांतर करण्यास कायद्यानें मनाई आहे. युक्ति सांगणारा फी घेऊन जातो, आणि कोर्टापुढें अप्रामाणिक ठरतो तो शेतकरी.

सहकारी संस्थांच्या कर्जदारांस हें सर्व आपल्यास लागू नाहीं असें वाटत असेल. मुरगूडच्या एका सहकारी बँकेच्या प्रकरणांत पांच न्यायाधीशांच्या घटनापीठानें २०२० सालीं निर्णय दिला कीं, सहकारी बँकांसही 'सरफेसी' वापरतां येतो. परंतु गांवची सेवा सोसायटी चालते ती १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १०१ नें. त्यांत सोसायटी सहाय्यक निबंधकाकडे अर्ज करिते, तो उभयतांस बोलावतो, आणि वसुलीचा दाखला देतो. या सुनावणीस शेतकरी जात नाहींत, आणि एकतर्फी दाखला निघतो. तेथें जावें, उताऱ्यांतील चूक दाखवावी, आपलें म्हणणें लिहून द्यावें व त्याची पोंच घ्यावी. कारण एकदां दाखला निघाला कीं कलम १५४ खालीं फेरतपासणीचा अर्ज दोन महिन्यांत करावा लागतो, आणि येण्याच्या ५० टक्के रक्कम संस्थेंत भरल्याशिवाय तो घेतलाच जात नाहीं. सुनावणीच्या दिवशीं जाण्यास एस.टी.चें भाडें लागलें असतें. न गेल्यानें अर्धें कर्ज रोख मोजावें लागतें.

पुढें नियम १०७ प्रमाणें जप्ती व विक्री होते. विक्री झाल्यावरही ३० दिवस हातांत असतात. जाहीरनाम्यांतील येणें व्याज-खर्चासह आणि खरेदीदारासाठीं किमतीच्या ५ टक्के रक्कम भरली तर विक्री रद्द करून मिळते. विक्रीच्या प्रसिद्धींत अगर पद्धतींत मोठी गैरशिस्त किंवा लबाडी झाली असल्यास त्याच ३० दिवसांत तशी तक्रारही करतां येते. शेत गेलें असें समजून रडत बसण्यांत हे ३० दिवस घालवूं नयेत. विहिरीखालची एकरभर जमीन वाचविण्यासाठीं भाऊबंदांनीं एकत्र यावें तो हाच काळ.

जामीनदारांविषयीं थोडें लिहिणें जरूर आहे, कारण सोयऱ्याच्या ट्रॅक्टरच्या कर्जावर मुकाट्यानें सही करणारे आमच्या वाचकांत थोडे नसतील. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, आणि बँक प्रथम कर्जदाराकडे जाईल असें धरून चालूं नये. पण जामीनदारासही हक्क आहेत. त्याच्या संमतीवांचून मूळ कराराच्या अटी बदलल्या, किंवा बँकेनें हातचें तारण निष्काळजीपणानें घालविलें, तर तेवढ्यापुरता तो सुटूं शकतो. आणि त्यानें कर्ज फेडलें तर बँकेचे सर्व हक्क त्याच्याकडे येतात. नोटीस त्याच्याही नांवें येते. तेव्हां हरकत त्यानें स्वतंत्र द्यावी.

वकिलास पैसे कोठून आणावे, हा प्रश्न खराच आहे. १९८७ च्या विधि सेवा कायद्याच्या कलम १२ प्रमाणें स्त्रियांस, अनुसूचित जाति-जमातींच्या लोकांस व कमी उत्पन्नाच्या माणसांस सरकारी खर्चानें वकील मिळतो, हें कांहींजणांस ठाऊक असतें. त्याच कलमांत पूर व दुष्काळ यांनीं पीडित झालेल्यांचाही उल्लेख आहे, हें मात्र फारच थोड्यांस ठाऊक आहे. तालुक्याच्या कोर्टांत विधि सेवा समितीचें कार्यालय असतें. तेथें साधा अर्ज करावा. लोकअदालतींतील तडजोडही चांगली, परंतु तेथील निवाड्यावर अपील नाहीं. हप्ता झेपेल तेवढाच कबूल करावा; मान राखण्यासाठीं कबूल केलेला हप्ता पुढें हुकूमनामा होऊन येतो.

बाकी कबूल असल्याच्या छापील कागदावर बँक मधून मधून सही मागते. त्या सहीनें कर्जाची कायदेशीर मुदत नव्यानें सुरू होते. सही देऊंच नये असें आमचें म्हणणें नाहीं, पण कोरी सही देऊं नये, व आंकडा तपासल्याशिवाय तर नाहींच.

कर्जमाफीविषयीं न लिहिलें तर वाचक विचारतील. २००८, २०१७ व २०१९ या सालीं माफीच्या योजना झाल्या, त्यांतून पुष्कळांचें खातें मोकळें झालें, हें खरें. पण माफीची बातमी ही कोणत्याही नोटिशीची मुदत थांबवीत नाहीं. निवडणुकीच्या वर्षीं हप्ता मुद्दाम थकविणारा शेतकरी घोषणेची वाट पाहत असतो, तेव्हां ६० दिवस व ४५ दिवस आपल्या गतीनें चाललेलेच असतात. माफी मिळाली तर घ्यावी, हरकत मात्र आजच द्यावी.

कर्ज फिटल्यावर एक काम उरतें. बँकेकडून बेबाकीचा दाखला घेऊन तलाठ्याकडे द्यावा व सात-बाराच्या इतर हक्कांतील बोजा कमी करून घ्यावा. हें न केल्यानें मुलांच्या वाटणीच्या वेळीं पंधरा वर्षांपूर्वीं फिटलेलें कर्ज पुनः उभें राहतें. तारणाचे मूळ कागद पूर्ण फेडीनंतर ३० दिवसांत परत द्यावे, आणि बँकेच्या दोषानें उशीर झाल्यास दर दिवसास ५,००० रुपये भरपाई द्यावी, असें रिझर्व्ह बँकेनें १ डिसेंबर २०२३ पासून ठरविलें. शेवटचा हप्ता भरतांना त्या पावतीवर तारीख स्पष्ट उमटली आहे ना, तें खिडकीवरच पाहून घ्यावें.